मिनिटाला १४०० काउंट: एका हौशी फ्यूझरच्या दाव्याची पूर्ण केस

दावा असा होता की घरी बांधलेल्या मशीनमध्ये फ्यूजन होऊन न्यूट्रॉन निघतायत: २२ केव्ही (किलोव्होल्ट), ६ मिलिअँप, प्रेशर १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या एका मिलिमीटरचा हजारावा भाग), गॅस ड्यूटेरियम म्हणजे जड हायड्रोजन, आणि न्यूट्रॉन मोजणाऱ्या हीलियम-३ ट्यूबवर मिनिटाला १४०० काउंट. मशीन बंद असताना तीच ट्यूब मिनिटाला ७ दाखवायची. ज्याने हे सगळं उभं केलं तो माझा मित्र, नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी व्हॅक्यूमशी झटापट करणारा, डिग्री वेगळ्याच विषयातली पण हात सोन्याचे. त्याने सगळा डेटा पाठवला आणि म्हणाला, "तू जरा खडूसपणे बघ रे, कौतुक नंतर कर." मग मी खडूसपणेच बघितलं. त्या तपासाची ही केस आहे. मशीन कसं बांधायचं हे इथे शोधू नका, ते सांगणारे ढीगभर लोक आहेत, मला बोलायचंय ते न्यूट्रॉन आलेत हे कसं ठरवायचं यावर, कारण या छंदात खरा घाम तिथेच निघतो.

ज्यांना फ्यूझर काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीलचा पोकळ गोळा, आतली जवळपास सगळी हवा पंपाने काढलेली, मधोमध टंगस्टनच्या तारेची छोटी गोल जाळी म्हणजे ग्रिड, आणि त्या ग्रिडवर निगेटिव्ह हाय व्होल्टेज, बाहेरचा गोळा अर्थला. आत ड्यूटेरियम किंचित सोडायचा, त्याचे आयन होतात, ते ग्रिडकडे खेचले जातात, तारांच्या मधल्या जागेतून आरपार जातात, पलीकडे वेग कमी होतो की परत आत खेचले जातात, आणि या येरझाऱ्यांत एखादं ड्यूटेरियमचं केंद्रक दुसऱ्यावर इतक्या जोरात आदळतं की दोन्ही एक होतात. साधारण निम्म्या वेळा त्यातून हीलियम-३ आणि २.४५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) एनर्जीचा न्यूट्रॉन निघतो, उरलेल्या निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन. चार्ज असलेले कण आतच भिंतीला जाऊन थांबतात, स्टीलमधून बाहेर येतो तो फक्त न्यूट्रॉन, म्हणून फ्यूजन झालं की नाही ते बाहेरून त्याच्यावरूनच ठरतं.

कल्पना जुनी आहे. इलेक्ट्रॉनिक टीव्हीवाला फिलो फार्न्सवर्थ, त्याने १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या आयटीटी कंपनीच्या लॅबमध्ये यावर काम केलं, १९६६ मध्ये पेटंट मिळालं, आणि त्याच्याच टीममधल्या रॉबर्ट हिर्शने १९६७ मध्ये पेपर छापला, त्यात ड्यूटेरियम-ट्रिटियम वापरून दीडशे केव्हीला सेकंदाला अब्जाच्या घरातले न्यूट्रॉन मोजल्याचं आहे. आज हौशी लोक बनवतात ते त्याचं साधं रूप, आयन गन वगैरे काही नाही, आतला ग्लो डिस्चार्ज स्वतःच आयन बनवतो. वीज बनवायचा विषय डोक्यातून काढून टाका, ते गणित पुढे येईल आणि ते वाचून हसूच येतं.

आकडा अशक्य नव्हता, तिथेच पंचाईत

मिनिटाला पन्नास हजार काउंट असते तर मी लगेच म्हटलं असतं की कुठेतरी नॉइज, म्हणजे विजेचे खोटे पल्स आहेत, विषय संपला. पण १४०० म्हणजे सेकंदाला २३. ट्यूब २५ मिलिमीटर जाडीची, ३० सेंटिमीटर लांब, भोवती ५ सेंटिमीटर जाड पॉलिथिनचा ठोकळा, गोळ्याच्या मध्यापासून ४० सेंटिमीटरवर. या अंतरावर ट्यूबच्या वाट्याला एकूण न्यूट्रॉनांचा हजारात चारापेक्षाही कमी भाग येतो, त्यातला दहावा भाग मोजला जातो असं धरलं तर मशीनमधून सेकंदाला साठ हजाराच्या आसपास न्यूट्रॉन निघतायत असं गणित येतं. चांगल्या चालणाऱ्या हौशी मशीनसाठी २२ केव्हीला हे जरा जास्तच आहे पण वेडपट नाही. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना.

एक बारीक खूण मात्र होती. त्याने २० पासून ३० केव्हीपर्यंतचा ग्राफ पाठवला होता, करंट तोच ठेवून, आणि काउंट वाढले होते दीडपट. ड्यूटेरियम-ड्यूटेरियमचं क्रॉस सेक्शन, म्हणजे टकरीतून फ्यूजन होण्याची शक्यता, या भागात जबरदस्त तिरकं चढतं: स्थिर गॅसवर आदळणारा आयन धरला तर १० वरून २० केव्हीला जाताना सुमारे तीस पट, २० वरून ४० ला सुमारे नऊ पट, आणि २० वरून ३० ला साधारण चौपट. प्रत्यक्षात सगळ्या आयनांना पूर्ण एनर्जी मिळत नाही, वाटेत गॅसशी टकरा होतात, चार्ज एक्सचेंज होऊन वेगवान न्यूट्रल अणू तयार होतात, त्यामुळे ग्राफ अगदी पुस्तकासारखा येणार नाही हे मान्य, पण दीडपट? इतका सपाट चढ म्हणजे मोजलं जातंय ते फ्यूजन नसून करंट-व्होल्टेजबरोबर हळूहळू वाढणारं दुसरंच काहीतरी आहे असा वास येतो. त्याचं म्हणणं होतं की ३० केव्हीला ग्रिड लाल होतो म्हणून यील्ड (निघणाऱ्या न्यूट्रॉनांची संख्या) बसते. असू शकतं. म्हणून मी त्यावर वाद घातला नाही.

सहा आकडे

मी मागितलं ते एवढंच की मिनिटाची बेरीज नको, काउंटरची दर दहा सेकंदांची लॉग फाइल दे. त्याच्याकडे ती होतीच, उघडून बघितलेली नव्हती. त्या गाजलेल्या मिनिटाचे सहा तुकडे असे निघाले:

४०, ६१०, ९५, ३८०, २२, २५३.

बेरीज करून बघा, १४०० भरते. आता न्यूट्रॉन जर खरे असतील तर ते एकमेकांना विचारून येत नाहीत, पूर्ण रँडम येतात, आणि रँडम गोष्टींचा नियम असा की सरासरी २३३ असेल तर साधारण चढउतार तिच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १५ च्या आसपास. सहा तुकडे २०० ते २७० च्या मध्ये कुठेतरी दिसायला हवेत. इथे २२ पण आहे आणि ६१० पण. त्या दहा सेकंदांत प्लाझ्मा विझला वगैरे असेल म्हणावं तर करंटच्या लॉगमध्ये तसं काही नाही, ६ मिलिअँप सरळ रेषेत. म्हणजे मशीन एकसारखं चालू होतं आणि काउंट मात्र झुंडीने येत होते. झुंडीने येतो तो नॉइज.

माझ्या मते केस इथेच फिरली होती, एकही पार्ट विकत न घेता, त्याच्याच फाइलमधून. पण एवढ्यावर कोणाला "तुझे न्यूट्रॉन खोटे आहेत" म्हणणं बरोबर नाही, खरे न्यूट्रॉन आणि वर थोडा नॉइज असंही मिश्रण असू शकतं. म्हणून कंट्रोल रन.

हायड्रोजन

कंट्रोल म्हणजे सगळं तेच ठेवायचं, फक्त ज्याच्यामुळे फ्यूजन होतं तेवढं काढून घ्यायचं. ड्यूटेरियमऐवजी साधा हायड्रोजन. त्याच्याकडे सोय आयती होती, कारण तो ड्यूटेरियम जड पाण्याच्या इलेक्ट्रोलिसिसने स्वतः बनवतो, पाणी फोडणारी पीईएम सेल आणि पुढे गॅस सुकवायला डेसिकंट, तर दुसऱ्या तशाच सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर घातलं की हायड्रोजन तयार. सेल तीच वापरू नको हे मी निक्षून सांगितलं, आत राहिलेल्या जड पाण्याने कंट्रोल बिघडतो. साध्या हायड्रोजनमध्ये निसर्गतः ड्यूटेरियम असतो तो दहा हजारात दीड-दोन अणू, त्याची काळजी नाही.

तेच व्होल्टेज, तोच करंट, प्रेशर थोडं मागेपुढे करून जुळवलं. काउंट आले मिनिटाला १३०० च्या आसपास.

फोनवर थोडा वेळ कोणीच बोललं नाही, मग तो म्हणाला, "म्हणजे आतापर्यंतचं सगळं पाण्यात?" मी म्हटलं सगळं कशाला, व्हॅक्यूम आहे, प्लाझ्मा आहे, सप्लाय आहे, पाण्यात गेला तो एक आकडा. आणि लगेच दुसरी टेस्ट करायला लावली जी मला स्वतःला फार आवडते: प्लाझ्मा चालू ठेव आणि ट्यूबचं बायस व्होल्टेज बंद कर. हीलियम-३ ट्यूबला हजाराच्या वर व्होल्ट लागतात, ते काढले की ट्यूब म्हणजे नुसता धातूचा नळकांडा, समोर अणुभट्टी ठेवली तरी पल्स देणार नाही. बायस शून्यावर आणलं, काउंटर चालूच. टकटक, टकटक, मिनिटाला हजाराच्या वर. म्हणजे मशीनमधून निघणाऱ्या एक्स-रेचाही प्रश्न नाही, कारण एक्स-रेला पण पल्स द्यायला जिवंत ट्यूब लागते. सिग्नल थेट वायरिंगमधून घुसत होता.

तिसरी टेस्ट, पॉलिथिन काढून बघायची. वेगवान न्यूट्रॉन हीलियम-३ ला फारसे दिसत नाहीत, पॉलिथिनमधल्या हायड्रोजनला धडकून मंद झाले की मगच पकडले जातात, त्यामुळे ठोकळा काढला की खरे काउंट धाडकन खाली यायला पाहिजेत. ती टेस्ट आता गरजेची नव्हती पण रेकॉर्डसाठी केली, काही फरक पडला नाही.

नॉइज कुठून येत होता

इथे मी मुद्दाम थांबतो कारण बहुतेकांच्या मशीनमध्ये हेच असतं. ग्रिडवर आणि फीडथ्रूच्या (हाय व्होल्टेज चेंबरच्या आत नेणाऱ्या जोडाच्या) सिरॅमिकवर सारखे बारीक बारीक आर्क होत असतात, डोळ्याला दिसतीलच असं नाही, पण प्रत्येक आर्कमध्ये हजारो व्होल्ट क्षणार्धात खाली येतात आणि पूर्ण मशीनचा त्या क्षणापुरता ट्रान्समीटर होतो. व्होल्टेज वाढवलं की आर्क वाढतात, करंट वाढवला की वाढतात, प्लाझ्मा बंद केला की थांबतात. म्हणजे नॉइज अगदी फ्यूजनसारखाच वागतो! म्हणूनच "मशीन चालू केलं की काउंट वाढतात, बंद केलं की थांबतात" हा पुरावा फ्यूझरमध्ये शून्य किमतीचा आहे, आणि दुर्दैवाने बऱ्याच जणांकडे तेवढाच असतो.

त्याच्या सेटअपमध्ये हाय व्होल्टेज लाइनमध्ये करंटला आवर घालणारा बॅलास्ट रेझिस्टरच नव्हता, सप्लायपासून ग्रिडपर्यंत थेट केबल. आर्क झाला की सप्लायच्या कॅपॅसिटरमधला सगळा चार्ज एका दमात ओतला जायचा. चेंबरचं अर्थिंग एका बारीक वायरने, काउंटरचं अर्थिंग मेन्सच्या एक्स्टेंशनमधून, दोन्ही वेगवेगळ्या वाटेने जाऊन कुठेतरी लांब भेटणारी, म्हणजे मोठा थोरला ग्राउंड लूप. ट्यूबपासून तिचे बारीक पल्स मोठे करणाऱ्या प्रीअँपपर्यंत दीड मीटर केबल, आणि प्रीअँप प्लास्टिकच्या डबीत. काय बोलणार.

दुरुस्ती रटाळ होती, पटकन सांगतो. १०० किलोओहमचा बॅलास्ट तेलात, ९-१० मिलिअँपला त्यावर एक केव्ही पडतो तो सोसायचा. सगळं अर्थिंग एका जागी, रुंद तांब्याच्या पट्टीने. प्रीअँप धातूच्या डबीत थेट ट्यूबच्या बुडाशी. केबलवर फेराइट. काउंटर बॅटरीवर. डिस्क्रिमिनेटरचा थ्रेशोल्ड, म्हणजे किती मोठ्या पल्सपासून मोजायचं ती मर्यादा, सर्वात शेवटी हलवायचा, कारण आधीच तो वर नेऊन नॉइज "घालवला" की खरे पल्सही कापले जातात आणि कळतही नाही. यातल्या कुठल्या एका गोष्टीने किती फरक पडला ते वेगळं काढलं नाही, पण सगळं झाल्यावर हायड्रोजनमध्ये २२ केव्हीला मिनिटाला ७ ते ८. म्हणजे बॅकग्राउंड. आता कुठे काउंटर विश्वासाचा झाला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हे सगळं करताना त्याने प्रत्येक वेळी सप्लाय बंद करून, अर्थिंग रॉड ग्रिडच्या लाइनला लावून, तो रॉड तिथेच लटकवून ठेवून मगच हात घातला. ३० केव्ही आणि काही मिलिअँप म्हणजे दुसरी संधी नाही, आणि कॅपॅसिटर बंद झाल्यावरही चार्ज धरून बसतात. लोक फ्यूझरच्या रेडिएशनला घाबरतात आणि सप्लायला घाबरत नाहीत, हे बरोबर उलटं आहे.

मग खरे न्यूट्रॉन कुठे गेले?

स्वच्छ काउंटर घेऊन परत ड्यूटेरियम. मिनिटाला ११. बॅकग्राउंड ७. पहिल्याने वाटतं की काहीच नाही, पण तुकड्या-तुकड्याने मिळून अर्धा तास मोजलं तर ३३० विरुद्ध २१०, फरक १२०, आणि त्या फरकातली अनिश्चितता २३ च्या आसपास. म्हणजे काहीतरी आहे, नक्की आहे, फक्त इतकं कमी की सेकंदाला दोनशे न्यूट्रॉनसुद्धा भरत नाहीत. मशीन हजारो द्यायला पाहिजे त्या जागी.

इथे त्याने स्वतः डोकं चालवलं आणि खरं सांगायचं तर या केसमधला सगळ्यात सुंदर भाग हा आहे. त्याच्या डोक्यात होतं की व्हॅक्यूम उत्तम आहे, कारण टर्बो पंप पूर्ण उघडा असला की गेज ०.०१ मायक्रॉनपर्यंत जातो. पण फ्यूझर चालवताना पंप पूर्ण उघडा नसतो ना! ड्यूटेरियम महाग, तो भसाभस पंपात जाऊ नये म्हणून मधला व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करून ठेवतात आणि नीडल व्हॉल्व्हने थेंबथेंब गॅस सोडतात. पंपाचा वेग असा हजार पट कमी केला की जी गळती आधी काहीच वाटत नव्हती तीच आता चेंबर भरून टाकते. त्याने काय केलं, मशीन चालवतो त्याच अवस्थेत, व्हॉल्व्ह तसाच ठेवून, फक्त ड्यूटेरियमचा नीडल व्हॉल्व्ह बंद केला. गेज १२ वरून शून्याकडे जायला हवा. तो १० वर जाऊन बसला.

बारा मायक्रॉनपैकी दहा मायक्रॉन हवा! त्याचा गेज पिरानी, गॅस किती उष्णता वाहून नेतो त्यावरून प्रेशर सांगणारा, म्हणून गॅसप्रमाणे वेगळं वाचतो, नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेला असतो आणि हायड्रोजन-ड्यूटेरियमला जास्त दाखवतो, म्हणजे आतला ड्यूटेरियम गेज सांगतो त्याहूनही थोडा कमीच. आणि हा तोटा साध्या प्रमाणात होत नाही, कारण आदळणारा पण ड्यूटेरियम हवा आणि ज्याच्यावर आदळतो तो पण. सहावा हिस्सा ड्यूटेरियम असेल तर फ्यूजन छत्तिसावा हिस्सा, ढोबळमानाने. बाकी सगळा करंट नायट्रोजन आणि पाण्याच्या वाफेचे आयन फुकट वाहून नेत होते, प्लाझ्मा दिसायला झकास, मधोमध तारा, फटींमधून निघणाऱ्या किरणांच्या रेघा, फोटोत एकदम फ्यूजन.

गळती की आउटगॅसिंग हे ठरवायला पंपाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून प्रेशर कसं चढतं ते बघितलं. भिंतीतून निघणारी वाफ असेल तर चढ हळूहळू मंदावतो, बाहेरची हवा येत असेल तर सरळ रेषेत चढत राहतं. चार मिनिटांत १२ मायक्रॉन, पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. मग कापसाच्या काडीने एकेका जॉइंटला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावत गेला आणि गेजच्या आट्यांच्या जॉइंटला लावल्यावर काटा टुणकन हलला. म्हणजे प्रेशर मोजणारं यंत्रच चेंबरमध्ये हवा सोडत होतं. तो जॉइंट बदलला, चेंबर हीटिंग टेपने गरम करून रात्रभर पंपावर ठेवला, मग नीडल व्हॉल्व्ह बंद केला की गेज जवळपास तळाला जायला लागला.

त्यानंतर २२ केव्हीला मिनिटाला १५७, म्हणजे बॅकग्राउंड वजा करून १५०. हायड्रोजनमध्ये ७. दहा-दहा सेकंदांचे तुकडे २६ च्या आजूबाजूला, कुठेही उडी नाही. मला तेवढ्यानेच पटलं होतं, त्याला पटलं नव्हतं, दुधाने तोंड पोळलं होतं.

पुढे हळूहळू ३४ केव्ही आणि ९ मिलिअँपपर्यंत नेलं. गणिताने सहा पट व्हायला हवं होतं, क्रॉस सेक्शनचे चार आणि करंटचे दीड, म्हणजे ९०० च्या आसपास, आणि पहिल्याने आलं पण तेवढंच. पण मशीन जसजसं जास्त चाललं तसतसं त्याच सेटिंगला यील्ड वाढत गेली आणि मिनिटाला २००० वर जाऊन स्थिरावली. ही जादू नाही. ड्यूटेरियमचे आयन भिंतीत आणि ग्रिडमध्ये रुततात, भिंत स्वतःच टार्गेट होते, नंतर येणारे वेगवान अणू तिथे रुतलेल्या ड्यूटेरियमवरही आदळतात. फ्यूझरमधलं बरंचसं फ्यूजन मधल्या त्या सुंदर ताऱ्यात न होता असं आजूबाजूच्या गॅसमध्ये आणि भिंतीवर होतं, हे ऐकलं की नवीन लोकांचा हिरमोड होतो पण इलाज नाही.

यावरून आठवलं, १९५८ च्या जानेवारीत ब्रिटनच्या हारवेलमध्ये झीटा मशीनमधून न्यूट्रॉन मिळाले म्हणून मोठा गाजावाजा झाला होता, थर्मोन्यूक्लिअर फ्यूजन झालं असं जवळपास जाहीरच केलं, आणि काही महिन्यांत मागे घ्यावं लागलं. तिथे न्यूट्रॉन खरे होते पण तापलेल्या प्लाझ्मातून आलेले नव्हते, प्लाझ्माच्या अस्थिरतेमुळे काही आयनांना वेग मिळाला होता, त्यांचे होते. फ्यूझरवाल्याने थर्मोन्यूक्लिअरचा दावा करायचाच नसतो, त्यामुळे तो वाद आपल्याला लागू नाही, पण न्यूट्रॉन खरे आहेत का आणि ते कशामुळे आले हे दोन प्रश्न वेगळे, हे तिथून छान कळतं.

चांदी

मित्राचं समाधान शेवटी दोन गोष्टींनी झालं. एक म्हणजे पल्स हाइटचा स्पेक्ट्रम, म्हणजे किती उंचीचे पल्स किती आले त्याचा ग्राफ. हीलियम-३ न्यूट्रॉन गिळतो तेव्हा ७६४ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) एनर्जी सुटते, प्रोटॉन आणि ट्रिटॉनमध्ये (ट्रिटियमच्या केंद्रकात) वाटली जाते, आणि दोघांपैकी एक जण ट्यूबच्या भिंतीत गेला तर थोडी हरवते, त्यामुळे स्पेक्ट्रममध्ये ७६४ ला शिखर आणि खाली १९१ आणि ५७३ ला पायऱ्या दिसतात. हा आकार नॉइजला जमत नाही, नॉइज म्हणजे डावीकडून घसरत येणारा ढिगारा. साउंड कार्डवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने काढलेला ग्राफ होता, फार देखणा नव्हता, पण शिखर आणि दोन्ही पायऱ्या ओळखू येत होत्या.

दुसरी गोष्ट चांदी, आणि हौशी माणसाकडे याच्याइतका निरुत्तर करणारा पुरावा नाही असं माझं मत आहे. चांदीचा पातळ पत्रा पॉलिथिनमध्ये घालून चेंबरला चिकटवून ठेवायचा, मशीन दहा-बारा मिनिटं चालवायचं, बंद करायचं, सप्लाय अर्थ करायचा, आणि पत्रा उचलून पळत गायगर काउंटरखाली ठेवायचा. मंद न्यूट्रॉन गिळलेली चांदी किरणोत्सर्गी होते, दोन आयसोटोप तयार होतात, चांदी-११० चं अर्धआयुष्य २४.६ सेकंद आणि चांदी-१०८ चं सुमारे २.४ मिनिटं. मोजताना मशीन बंद आहे, आर्क नाही, एक्स-रे नाही, हाय व्होल्टेज नाही, मग नॉइज येणार कुठून? शिवाय एक्स-रेने चांदी अशी सक्रिय होतच नाही.

गायगरचं बॅकग्राउंड अर्ध्या मिनिटाला २०. पत्रा ठेवल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात ८४, पुढच्यात ५९, दोन मिनिटांनंतरच्या अर्ध्या मिनिटात ३६, दहा मिनिटांनी परत २० च्या जवळ. आधी झपकन उतरतं आणि मग रेंगाळत, दोन वेगळ्या अर्धआयुष्यांची बेरीज असते तसंच. हायड्रोजनच्या रननंतर तोच पत्रा तसाच ठेवला तर २० च्या आसपास, सपाट. माझ्या खडूसपणाची गरज तिथे संपली.

आता हिशोब. मिनिटाला २००० म्हणजे सेकंदाला ३३, वरच्याच गुणाकाराने मशीनची यील्ड सेकंदाला नव्वद हजार न्यूट्रॉन येते, त्याच्या दुप्पट फ्यूजन कारण निम्म्यात न्यूट्रॉन निघत नाही. न्यूट्रॉन लाख धरले तरी फ्यूजनमधून मिळणारी पॉवर एका मायक्रोवॉटच्या जेमतेम आठव्या भागाएवढी, आणि आत घालतोय ३४ केव्ही गुणिले ९ मिलिअँप म्हणजे ३०६ वॉट. टाकलेलं मिळालेल्याच्या अडीचशे कोटी पट. पंप आणि हीटिंग टेपचं बिल यात धरलेलंच नाही. न्यूट्रॉनचा डोस एक मीटरवर तासाला एक मायक्रोसिव्हर्टच्या आसपास येतो, नैसर्गिक बॅकग्राउंडपेक्षा जास्त पण थोडा वेळ मशीन चालवणाऱ्याला घाबरण्याएवढा नाही. खरी काळजी बघायच्या काचेची. जाड स्टील ३० केव्हीचे एक्स-रे बऱ्यापैकी अडवतं, साधी काच तेवढं अडवत नाही, म्हणून तिथे लेड ग्लास आणि डोळ्याऐवजी कॅमेरा.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. नव्वद हजार हा आकडा ट्यूबची कार्यक्षमता दहा टक्के धरून काढलेला, आणि ते दहा टक्के अंदाजाने घेतलेत, त्यामुळे खरी यील्ड निम्मी किंवा दुप्पट असू शकते. न्यूट्रॉन आहेत यात शंका नाही, किती आहेत यात आहे. मित्राला बबल डिटेक्टर (न्यूट्रॉन लागला की बुडबुडा दाखवणारी नळी) घे म्हणून सांगितलंय, या डिटेक्टरला एक्स-रे आणि इलेक्ट्रिकल नॉइज दोन्ही दिसत नाहीत आणि कॅलिब्रेशन सोबत येतं, फक्त तापमानाप्रमाणे वाचन बदलतं आणि काही महिन्यांत तो निकामी होतो, त्यामुळे पैसे खर्च करायला मित्र का-कू करतोय. ग्रिडसाठी टँटलम धातूची तार घ्यायला मात्र लगेच तयार. या छंदातल्या बहुतेकांचं बजेट असंच उलटं असतं, पंप आणि चेंबरवर सगळं जातं आणि डिटेक्टर उरलेल्या पैशात.

त्याला आता ४५ केव्हीपर्यंत जायचंय. फीडथ्रू ४० चाच आहे आणि ४० च्या पुढे स्टीलमधूनही एक्स-रे जास्त येणार, म्हणून आधी फीडथ्रू बदलायचा आणि चेंबरभोवती सगळीकडून एक्स-रे मीटर फिरवून कुठे शिसं लागतं ते बघायचं, असं आमचं ठरलंय. हायड्रोजनचा रन प्रत्येक नव्या व्होल्टेजला परत करायचा, हे आता तोच मला सांगतो.